हिरव्यावर पाय देऊ नये

लढाईचे दिवस होते. माझी चौथी झाली आणि आईने मला थोडे दिवस ताईच्या सासरी धाडलं. ताईला भिवंडीकडे खाडीकाठच्या गावात दिली होती. लग्न होऊन एक पावसाळाही गेला नव्हता.

आमचं गाव खर्डीजवळ, डोंगरात. नदीतल्या दगडांवर शेवाळ असतं, त्यावरून घसरून माणसं हातपाय मोडून घेतात. म्हणून आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, पाण्यात हिरव्यावर पाय देऊ नये.

ओहोटीला ताईची सासू आम्हा दोघींना शिंपल्या वेचायला घेऊन गेली. घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्याखाली बारीक पानांचं गवत पसरलं होतं. मधे मधे मोकळा, गुळगुळीत चिखल. सासू गवतावरूनच चालली होती. मी तिच्या मागे. पायाखाली ते गवत हलायचं आणि त्यात काय असेल या विचाराने माझ्या अंगावर काटा यायचा.

ताईने गवत टाळलं. मोकळ्या चिखलात पाय ठेवला तो गुडघ्याच्या वर आत गेला. तो काढायला गेली तर दुसराही गेला. तिने माझ्याकडे बघितलं.

सासू वळली. "गवताची मुळं चिखल धरून ठेवतात गो. पाय झाडू नको. गवतावर पालथी पड नि सरपटत ये."

ताई हलेना. सासूसमोर ती कधी बसलीसुद्धा नव्हती, पालथी कशी पडणार? डोक्यावरचा पदर धरून उभीच राहिली. "तुमी तिकडं बघा," एवढंच म्हणाली.

"तिकडं भरती येतेय, तीच बघतेय मी."

पाणी माझ्या पोटरीला लागलं होतं, ताईच्या कमरेला. सासूने टोपली टाकली आणि लुगड्यासकट स्वतःच गवतावर पालथी पडली. तोंड तेवढं वर.

"पड आता. सासू खाली नि सून वर, बरं दिसतं का?"

तेव्हा ताई पडली. सासूने तिचे दंड धरले, मी सासूचे पाय घट्ट धरले. चिखलाने एक पाय सोडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. काठावर आल्यावर सासूने ताईचा पदर पिळून परत तिच्या डोक्यावर घातला. ताई तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा शिंपल्यांना निघाल्या. ताई सासूच्या मागोमाग गवतावरून चालत होती. मी काठावरच थांबले आणि ती परत येईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.