नाव नसलेला एक रंग

महिन्यापूर्वी निर्मळहून सुमनकाकूंचा फोन आला. "हे गेले," एवढेच त्या म्हणाल्या; मागे त्यांच्या केळीच्या वाडीतला पंप चालू होता.

काकूंचे यजमान जयवंतकाका व्हिस्कीच्या कारखान्यात वास घेण्याच्या कामावर होते. आयुष्यात त्यांनी तिचा थेंबही चाखला नाही. नुसते हुंगून ते पिंपात काय बिघडले आहे ते सांगत. त्यांच्या नाकाचे ज्ञान यंत्राला शिकवण्यासाठी, प्राध्यापकी सोडून, मी पंचेचाळिसाव्या वर्षी तिथे रुजू झाले. यंत्रातल्या एका पट्टीवर रंगद्रव्यांचे ठिपके असत. व्हिस्कीची वाफ लागली की त्यांचे रंग किंचित बदलत, आणि डोळ्यांना न दिसणारा तो बदल यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने टिपत असे. त्या बदलांना नावे मात्र काकांची : ओले गोणपाट, शिजलेला कोबी, जळके रबर. दोन नमुन्यांच्या मध्ये ते वाडीतून आणलेला केळीच्या पानाचा तुकडा हुंगत. "नाक विसळतो," म्हणत. "बाई, तुमच्या लेकरालाही पान द्या, नाहीतर मागचा वास पुढच्याच्या माथी मारील." मी हसले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याआधी यंत्र स्वच्छ हवेची नोंद घेऊ लागले. तिला आम्ही 'पान'च म्हणत असू.

निवृत्तीच्या वर्षी एका सकाळी काकांनी कोबीच्या वासाचा नमुना 'निर्दोष' म्हणून माझ्या हाती परत दिला. मी यंत्राच्या पडद्यावर 'शिजलेला कोबी' वाचले, त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"केव्हापासून, काका?"

"होळीला ताप आला ना, तेव्हापासून नाक गेलं. घरी बोलू नका. ती रोज मोगऱ्याचा गजरा माळते आणि विचारते, कसा आहे? मी म्हणतो, झकास." मग म्हणाले, "तुमचं यंत्र मोगरा ओळखेल का हो? नुसता रंग दाखवलात तरी चालेल…"

"त्याला फक्त दोष शिकवलेत. बघते."

बघते म्हणाले, आणि पाहिले नाही. कारखान्याच्या यंत्रात फूल ठेवू का, हे साहेबांना विचारण्याची मला भीड वाटली. काका निवृत्त झाले. त्यांनी पुन्हा कधी आठवण करून दिली नाही. ती दिली असती, तर आज इतके लागले नसते.

गेल्या आठवड्यात निर्मळला गेले आणि काकूंना सारे सांगून टाकले. त्या हसल्या. "मला ठाऊक नव्हतं होय? एकदा मुद्दाम अबोली माळली. तिला कुठला आलाय वास? तरी आपलं झकास!" निघताना त्यांनी केळीच्या पानात बांधलेला मोगरा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारले. "एवढंच ना?" ते म्हणाले.

आधी 'पान' घेतले, मग फुले ठेवली. ठिपके हळूहळू बदलत गेले; आजवर न पाहिलेली रंगांची एक ओळ पडद्यावर उमटली आणि तिच्याखाली नावाची रिकामी चौकट उघडली. आजवरची प्रत्येक चौकट काकांनी भरली होती. मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिले… मग लिहिले : झकास.