वापसबाबूंनी मागे नेलेले अर्ज

वापसबाबूंना किळस यायची ती हिरव्या ठिपक्याची. दोन हजार तीन-चारच्या सुमारास आमच्या वर्ध्याच्या दाखल्यांच्या कार्यालयात एक संगणक प्रणाली आली. अर्ज तिच्यात आपोआप पुढे सरकायचा: नोंद, तपासणी, मंजुरी, छपाई. टप्पा पार पडला की हिरवा ठिपका, अडकला की लाल. साहेबांना हिरवा फार प्रिय. बाबू मात्र हिरवा दिसला की नाक मुरडून विचारायचे, "कागद कुठं आहे?"

ते वरिष्ठ लिपिक, मी ऑपरेटर. अर्ज अडकला की बाकीचे 'पुढे'चं बटण पुन्हा पुन्हा दाबत सुटायचे आणि एका अर्जाच्या तीन नोंदी करून ठेवायचे. बाबू वैतागून म्हणत, "दाबू नका, वापस घ्या." त्यावरून हे नाव पडलं आणि खरं आडनाव सगळेच विसरले.

त्यांची रीत उलटी होती. बिघाड कुठे झाला हे ते आधी विचारतच नसत. "मशीन काय म्हणते ते सोड. डोयानं पाह्यलेलं शेवटचं खरं सांग मले." मग छपाईयंत्रापासून मागे, एकेक टेबल पालथं घालत निघायचे. जिथे सहीचा कागद हाती लागेल, त्या टप्प्यावर मला अर्ज परत न्यायला लावायचे. "पुढं ढकलणं सोपं असते, बाई. वापस न्यायची लाज वाटते, म्हणून कोणी नेत नाई."

एकदा पाहणीचं पथक यायचं होतं. आदल्या दिवशी वीज गेली आणि चाळीसेक अर्ज मंजुरी नि छपाईच्या मध्ये अडकले. बाबू रजेवर हिंगणीला. साहेब म्हणाले, सगळे पूर्ण दाखवा. मी दाखवले. एकही दाखला छापला गेला नव्हता आणि पडदा हिरवागार. साहेबांनी खूश होऊन चहा मागवला, तो मी प्यायले. त्या चहाची शिसारी अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी आंजीची एक मुलगी आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. प्रणाली म्हणे, दाखला दिला. त्यामुळे नवा अर्ज प्रणाली घेईना. मुलगी रिकामे हात घेऊन उभी. रजेवरून परतलेल्या बाबूंनी पडदा पाहिला, मग मला. "हे कोनं केलं?" मी सांगितलं. त्यांचं तोंड असं झालं, जणू घासात केस आला.

साहेब म्हणाले, तेवढा तिचा एक अर्ज मागे घ्या, पथकाचा अहवाल अजून व्हायचा आहे.

"एकीचा खरा केला तर बाकीचे खोटे हायेत हे मले माहीत राहीन, साहेब."

बाबू एकेक नाव वाचत गेले, मी एकेक अर्ज मागे नेत गेले. सगळा पडदा लाल झाला. पहिला दाखला मुलीचा छापला, ती धावतच गेली. शेवटचा अर्ज झाल्यावर बाबू मला म्हणाले, "आता हात धुऊन ये. मंग चहा पिऊ."

महिन्याभरात त्यांची कारंजाला बदली झाली. निरोपसमारंभ कोणी केला नाही, मीही नाही. ते तिथूनच निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. आजही पडदा सगळा हिरवा दिसला की मी उठून कागद पाहून येते. कारंजा काही लांब नाही, रोज गाड्या जातात. पण मी त्यांना भेटायला एकदाही गेले नाही.