न उठणारी बोटं

ठसे बघता बघता माझी उमेद संपली, असं बायको म्हणते. मला ते पटतं. सोलापुरात ठसेतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काढली, आता भिंग डोळ्याला लावलं की आधी जांभई येते. ऑफिसात खरं तर दोन तज्ज्ञ हवेत. एकानं मत द्यायचं, दुसऱ्यानं ते स्वतंत्रपणे तपासायचं. दुसरी खुर्ची कधीची रिकामी आहे. तिच्यावर आम्ही फायली ठेवतो.

म्हणून आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात इतर जिल्ह्यांतले, राज्याबाहेरचे, काही निवृत्त असे आमच्याच कामातले लोक. अडलेला ठसा तिथं टाकायचा आणि विचारायचं, तुम्हाला काय दिसतं? तपास चालू असलेल्या प्रकरणातला पुरावा असा बाहेर दाखवावा का, यावर वरून कधी होकार आला नाही आणि नकारही आला नाही. आम्हीच एक शिस्त पाळतो. नाव, गाव, गुन्हा, माणूस काय काम करतो, सगळं कापायचं आणि नुसता ठसा टाकायचा. माहिती दिली की बघणाऱ्याचं मत तिकडं झुकतं, ही भीती. शिस्त चांगलीच आहे, पण त्या वेळी तिनंच घात केला.

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमधून दागिने गेले होते. संशय धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईवर. ती सकाळी तिथली घरं करायची आणि दुपारी भवानी पेठेत आपल्या घरी विड्या वळायची. कपाटाच्या हँडलवर एक पुसट ठसा मिळाला होता. त्याच्याशी ताडून बघायला तिच्या बोटांचे ठसे हवे होते, म्हणून तपास करणारा फौजदार तिला घेऊन आला. मी शाई लावून तिची बोटं कागदावर फिरवली, तर नुसते काळे डाग. रेषा जवळजवळ नाहीतच.

मला नवल वाटलं नाही. मी भवानी पेठेतच वाढलो. मांडीवर सूप घेऊन दारात बसलेल्या बायका रोज दिसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. वर्षानुवर्षं हेच केलं की बोटं झिजून गुळगुळीत होतात.

"रेशनच्या मशीनवर बी माझा अंगठा उठत न्हाय, साहेब," ती म्हणाली. "लेकीच्या मोबाईलवर नंबर येतोय, तवा धान्य देतेत."

तरी कपाटावरच्या ठशात ताडून बघण्याजोगं काही उरलंय का, हे आणखी कुणीतरी बघावं म्हणून मी दोन्ही ठशांचे फोटो ग्रुपवर टाकले. बाई बाहेर बाकावर बसली होती. फौजदार माझ्या शेजारी चहा पीत होता. उत्तरं पटापट आली. कपाटावरच्या ठशाबद्दल कुणी फार बोललंच नाही, सगळे शाईच्या कागदावर तुटून पडले. एकानं लिहिलं, 'बोटं मुद्दाम घासलीत. सराईत दिसतोय.' दुसऱ्यानं लिहिलं, 'दगडावर नाहीतर अ‍ॅसिडनं. जुने गुन्हे तपासा.' ज्यांच्या शब्दाला मी मान देतो अशी ही माणसं. फौजदारानं मान वाकडी करून सगळं वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

मी त्याला परोपरीनं समजावलं. ग्रुपवरही लिहिलं की बाई विड्या वळते. लगेच एका ज्येष्ठांचा फोन आला.

"अरे, हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी सांगायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंत, सर."

ते हसले. मला मात्र राग आला, आणि नेमका कुणावर ते कळेना. त्यांच्या भागात विड्यांचा धंदाच नाही, त्यांना कुठून माहीत असणार? सगळ्यांनी आपापलं मत मागं घेतलं. पण फौजदाराच्या डोक्यात 'सराईत' हा शब्द बसला तो बसलाच. त्यानं बाईला रोज ठाण्यात बोलवायला सुरुवात केली. काही विचारायचं नसलं तरी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचं. सोसायटीत बोभाटा झाला. एकेका घरानं तिला 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं.

मी अहवाल दिला. कपाटावरचा ठसा तुलनेस योग्य नाही. बोटांची झीज कामामुळे झालेली असू शकते. 'असू शकते' असंच लिहावं लागतं, 'आहे' लिहिता येत नाही. दागिने काही सापडले नाहीत. फौजदार दुसऱ्या तपासात गुंतला आणि बोलावणी आपोआप थांबली.

मग एका दुपारी ती ऑफिसात आली. मला वाटलं, भांडायला आली असेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"साहेब, तुमी काय लिवलं माझं?"

"ठसा तुमचा आहे असं सांगता येत नाही, असं लिहिलं, अक्का."

"माझा न्हाय, असं न्हाय लिवलं?"

"तसंही सांगता येत नाही."

ती उभीच होती. फायलींची खुर्ची मोकळी करून तिला बसवावं, असं मला वाटलं, पण उठवेना.

"मला वाटलं, एक कागद मिळंल. फ्लॅटातल्या म्याडमना दाखवला असता."

"असा कागद आम्हाला देता येत नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घरं तर सगळी सुटली. आता दिवसभर विड्याच वळायच्या की. बोटांवर हायेत त्या रेघा बी जातील."