जुन्या चपलांचा अंगठा

गोंदियाच्या बाजारातला तो चपलांचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही. "या मॅडम" म्हणतानाही त्याची नजर समोरच्याच्या पायांवर असते. मी सकाळी गेले, तर त्याने काही दाखवलंच नाही. "सायंकाळी या. दिवसभर चालून पाय फुगले पाहिजेत."

उन्हाळ्यात लेकीकडे इटलीला जायचं होतं. तिथे दगडी रस्त्यांवर पायीच फिरावं लागतं, आणि माझ्या टाचा नाजूक. सायंकाळी हे ऐकून त्याने सँडलचा एकेक जोड घालायला लावून मला रस्त्याच्या टोकापर्यंत पिटाळलं. चौथा जोड त्याला पटला. मी म्हटलं, "डब्यात द्या. जायच्या दिवशीच घालीन."

"काऊन? इथं जपून ठेवसान अन् मंग तिकडं लंगडून राहसान?" असं म्हणत त्याने माझ्या जुन्या चपला उचलून काउंटरखाली टाकल्या. "हेच घालून घरी जा. जुन्या आता तिकडून परत आल्यावरच भेटतीन."

मी चिडले, पण करणार काय? नवे सँडल घालूनच भाजी आणली, बँकेत गेले. चौथ्या दिवशी टाचेला फोड आला. भांडायला गेले, तर त्याने पट्टा ठोकून मऊ करून दिला.

इटलीत महिनाभर हिंडले. टाचेला ओरखडासुद्धा नाही. आल्यावर आधी त्याच्याकडे गेले. त्याने माझे पाय पाहिले, मान हलवली आणि काउंटरखालून जुन्या चपला काढल्या. त्यांचा अंगठा तुटायला आलाय, हे मला माहीतच नव्हतं. तो त्याने शिवून ठेवला होता.