मास्तरांचं नाक

गॅरेजात त्यांना सगळे गनमास्तर म्हणायचे. गन रंगाची, फवारा मारायची. माणूस मुंगीलाही वळसा घालून चालणारा. चौतीस वर्षं त्यांनी ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्या नव्यासारख्या करून मालकांना परत दिल्या. ही सगळी कमाई हाताची, असं लोक म्हणायचे. मास्तर मात्र श्रेय द्यायचे नाकाला. थिनरचा डबा उघडला की त्यात भेसळ किती, हे ते हुंगून सांगत. तोंडाला मास्क बांधणाऱ्यांना ते हसायचे. वस्तादाने शिकवलेलं एकच वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं: 'वास मेला की काम झालं.' रंगाला वास येईनासा झाला म्हणजे तो वाळला, आणि खोलीत वास नसला म्हणजे हवा साफ. पुढे विचारायचं नाही.

ते नाक सात वर्षांपूर्वीच गेलं होतं. इतक्या हळूहळू गेलं की मास्तरांना पत्ताच लागला नाही. जगात ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, त्यांच्या बायकोला. एकदा चुकून नासलेली भाजी त्यांच्या ताटात गेली. शेजारच्या खोलीत उभं राहवत नव्हतं, आणि हे गृहस्थ मिटक्या मारत म्हणाले, "आज छान जमलीय." ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. पुढे दोनचार वेळा तिने मुद्दाम पारखून पाहिलं. खात्री पटली तेव्हा ती गप्प बसली. ज्या माणसाची सगळी मिजास नाकात, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून दूध नासलं का, तेल खवट झालं का, हे ती आधी स्वतः हुंगायची आणि काही बोलायची नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षं मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. दिवसातून पाचसहा वेळा किती वाजले विचारायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. बायको दर वेळी घड्याळ बघून सांगायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. मग एके दिवशी ते बाजारातून एक खोकं घेऊन आले. आत प्लास्टिकचे शेकडो तुकडे. जोडले की दीड वीत लांबीचं मालवाहू जहाज. महिनाभर चिमट्याने एकेक शिडी, एकेक नांगर चिकटवला. जहाज उभं राहिलं आणि मास्तरांचे डोळे चमकले. आता याला रंग हवा, आणि ब्रशने रंगवणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच.

स्वयंपाकघराला लागून अडगळीची खोली होती. ती दोन दिवसांत रिकामी झाली. मास्तरांनी प्लायवुडची पेटी ठोकली, फवारा मारायचा बूथच, तीन बाजूंनी बंद, पुढून उघडा. मागे जाळी, जाळीत रंगाचे कण अडवणारा फिल्टर, त्यामागे भंगारातून आणलेला ब्लोअर. ब्लोअरपासून हाताएवढा जाड पाइप झरोक्यातून बाहेर, इमारतीच्या मधल्या पोकळीत. आत दिव्यांची पट्टी, जहाज ठेवायला फिरती थाळी. मग त्यांनी टिश्यूचा कागद जाळीसमोर धरला. कागद फट्‌कन जाळीला चिकटला. "बघ!" ते ओरडले. "ओढतोय कसा राक्षस!"

सगळं कसं चोख होतं. चूक होती ती त्यांच्या हुशारीतच. रंगावर धुळीचा कण बसू नये म्हणून त्यांनी पुढच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, घराच्या मुख्य दाराखाली फडकं कोंबलं. गॅरेजात पुढचं अख्खं शटर उघडं असायचं. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी नवी हवा येते कुठून, हे तिथे कुणाला विचारावंच लागलं नव्हतं. इथे ती यायची एकाच वाटेने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आणि ती खिडकी उघडत होती त्याच पोकळीत, पाइपाच्या तोंडाखाली हातभर अंतरावर. पाइप जे बाहेर टाकायचा ते खिडकीतून आत यायचं, शेगडीवरून, तिच्या तोंडावरून, आणि परत बूथमध्ये ओढलं जायचं.

पहिल्या दिवशी फवारा सुरू झाला तशी तिच्या नाकात झिणझिणी आली, डोळ्यांतून पाणी.

"वास येतोय का गं?" आतून आवाज आला. "मला तर काहीच येत नाही!"

तिने डोकावून पाहिलं. भुवईवर राखाडी रंगाचा ठिपका, हातात गन, आणि चेहऱ्यावर दोन वर्षांत न पाहिलेलं हसू.

"नाही हो," ती म्हणाली.

तेच ते एक वाक्य. पुढे तीन आठवडे ते रोज विचारत आणि ती रोज तेच म्हणे. आधी डोकं दुखायला लागलं. मग खोकला. मग कप हातातून निसटायला लागले, मीठ दोनदा पडायला लागलं. भाजी चिरायला ती जिन्यात जाऊन बसू लागली. मास्तर म्हणाले, "माझ्यावर रुसलीस का?" ती म्हणाली, "उकडतंय." बाई, अगं बाई, नाकी नऊ आले तरी तोंड उघडू नये माणसाने?

त्या दिवशी दुपारी मास्तर शेवटचा थर मारत होते. तिने दूध तापत ठेवलं, आणि ओटा डोळ्यांसमोर तिरका झाला. भिंतीला धरत ती आतल्या खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली. किती वेळ गेला कळलं नाही. जाग आली ती मास्तरांच्या आवाजाने.

"झालं! शेवटचा हात बसला! तू पड, आज चहा मी ठेवतो."

आणि तिला वास आला. थिनरचा नव्हे. दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि गॅस तसाच सुरू. तिने उठायचा प्रयत्न केला, पाय हलेनात. स्वयंपाकघरात खण ओढल्याचा आवाज आला. लायटर त्याच खणात असायचा.

"अहो..." तिने सगळा जीव एकवटला. "अहो! पेटवू नका! गॅसचा वास येतोय!"

ते हसले. "काहीतरीच तुझं. गॅस असता तर मला आला नसता का?"

"तुम्हाला वास येत नाही!" ती किंचाळली. "सात वर्षं झाली! तुमचं नाक मेलंय!"

लायटर वाजला नाही. घरात एकच आवाज उरला, ब्लोअरचा. तो अजून चालूच होता, स्वयंपाकघरातली हवा अडगळीच्या खोलीच्या दाराखालून ओढत होता, ठिणग्या उडवणाऱ्या आपल्या जुन्या मोटारीवरून. मास्तरांनाही तो त्याच क्षणी ऐकू आला असावा. शेगडीचं बटण फिरल्याचं तिने ऐकलं. मग धावती पावलं. घरातल्या विजेच्या एकाही बटणाला हात न लावता ते बाहेर जिन्याशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. ब्लोअर घरघरत थांबला. मग धाडधाड सगळ्या खिडक्या उघडल्या, ओल्या जहाजावर पडायची ती धूळ पडो.

त्यांनी तिला उचलून जिन्याच्या पायरीवर आणून बसवलं. तिचे ओठ निळसर दिसत होते. ते तिच्याशेजारी टेकले, तिचा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. त्या हाताला दूध, साबण, थिनर, सगळ्याचा वास असणार. त्यांनी श्वास ओढला. पुन्हा ओढला, डोळे मिटून, खोलवर. मग हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला.

"सात वर्षं?"

तिने मान हलवली.

"ते जाऊ दे. ते समजतं मला." त्यांचा आवाज फाटला होता. "पण बूथचं मी रोज विचारत होतो. वास येतोय का, म्हणून रोज विचारत होतो. तेव्हा तरी खरं बोलायचंस. मेलो असतो दोघं. का नाही बोललीस?"

"विचारताना तुम्ही हसत होतात," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली.