गॅब्रिएलचं बसून ऐकणं

सांडोरच्या गॅब्रिएलने चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला व्हायोलिन वाजवलं, आणि तेही उभ्यानं. मयताची ती जुनी लॅटिन प्रार्थना सुरू झाली की अख्खं चर्च उभं राहतं, मग वाजवणारा कसा बसणार? दिवसभर केळीच्या वाडीत वाकायचं आणि सांजेला कुणाच्या तरी शवपेटीपाशी ताठ उभं राहायचं, ह्यातच त्याचा जन्म गेला. फुप्फुसात गाठ निघाली, डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले, तेव्हा तो बायकोला, क्लेमेंटीनला म्हणाला, "ती प्रार्थना एकदा मोठ्या कॉयरची, सगळ्या वाद्यांसकट ऐकायचीय. खुर्चीत बसून." बास, एवढंच मागणं.

पुतण्या एरॉलने मुंबईत ह्याच प्रार्थनेचा कार्यक्रम होता, त्याची तिघांची तिकिटं काढली. गाडी न्यायचीच आहे तर दुपारी चित्रांचं प्रदर्शनही बघू, म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. काका पुन्हा थोडाच मुंबईला जाणार होता.

प्रदर्शनात निघाल्या केळीच्याच बागा, भिंतभर मोठ्या. गॅब्रिएल एकेका चित्रापुढे पाच-पाच मिनिटं उभा. "घड खाली लोंबतो, पण केळी वर वळतात. ह्यानं सगळी खाली काढलीत. वाडीत कधी पाय ठेवलेला दिसत नाही," असं तो चांगलं चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला चिडलेला पाहून क्लेमेंटीनला बरं वाटलं. तिने मधल्या बाकाकडे बोट केलं, तर म्हणे, "बसायचं ते संध्याकाळी."

संध्याकाळी तो बसला. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. सुरुवातीची वाद्यं वाजत होती तेव्हा त्याचा चेहरा इतका निवांत झाला, की क्लेमेंटीन मंचाकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिली. मग कॉयरच्या गायकांनी ती प्रार्थना धरली आणि क्लेमेंटीन उठून उभी राहिली. विचार कसला आलाय त्यात? लहानपणापासूनची सवय, पायच उठले. ती उठली म्हणून गॅब्रिएलही खुर्चीचा हात धरून उठला.

मागून "बसा, बसा" सुरू झालं. कुणीतरी "अंकल, दिसत नाही" म्हणालं. गॅब्रिएल घाईघाईने बसायला गेला आणि खोकल्याची अशी उबळ आली की थांबेचना. दारावरच्या माणसाने तिघांना बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर बाक होता, पण तिथं आतलं धड काही ऐकू येत नव्हतं.

"माझ्या मेलीचं चुकलं," गाडीत ती रडत म्हणाली.

"असू दे. तू नसतीस उठली तरी मी उठलोच असतो."

तो खोटं बोलत होता. पन्नास वर्षांच्या संसारात तेवढं तिला कळत होतं. अक्कल कुठे गहाण टाकली होती, असं ती पुढे रोज स्वतःला विचारत राहिली.

अठराव्या दिवशी गॅब्रिएल गेला. चर्चमध्ये त्याच्या मयताच्या मिस्सेत ती प्रार्थना सुरू झाली, गाव उभं राहिलं. पहिल्या बाकावर क्लेमेंटीन तेवढी बसून होती. एरॉल वाकून म्हणाला, "काकी, बरं वाटत नाही का?"

"बरी आहे मी," ती म्हणाली. "तुझ्या काकाचं बसून ऐकायचं राहिलंय."

आणि पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून तिने ती प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली.