पाठ टेकल्यावर

आमच्या बाबांचा कायदा एकच, पाठ मातीला टेकली की माणूस संपला. ते गिरणीत कामाला होते, पण हाडाचे पहिलवान. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागं त्यांनी कुस्तीचा छोटा हौदा खणला होता आणि शेजारपाजारच्यांच्या नाकावर टिच्चून मला, एकुलत्या एक पोरीला, डाव शिकवले होते.

ऐंशीच्या सुमारास कॉलेजात ज्युडो सुरू झालं. ही काय भानगड आहे बघू तरी, म्हणून मी गेले. उभ्यानं मी कुणाला ऐकायची नाही. पण खाली पडले की पाठ वाचवायला झटकन पोटावर वळायची, आणि समोरची पोरगी माझ्यावर बसून माझ्याच कॉलरनं माझा गळा आवळायची. रोज तेच! सर वैतागले. म्हणाले, पाठ वाचवून गळा देतेस, हा कुठला शहाणपणा? दणकून पाठीवर आपटलं तर इथंही हार, पण नुसतं पडलं तर लढत चालूच राहते.

मग उताणं पडून पायांनी अडवायचं, समोरचीचा हात मांड्यांत धरून कोपर ताणायचं, हे शिकले. मला तर वेडच लागलं. खालचा माणूस जिंकतो म्हणजे काय! घरी सांगितलं तर बाबा भडकले. जिल्ह्याच्या स्पर्धेला येतो म्हणाले, तिथं उताणी दिसलीस तर ज्युडो बंद. आणि ते शब्द फिरवणारे नव्हते.

शेवटच्या लढतीत समोरची माझ्याहून जड होती. तिनं ओढलं आणि मी कुशीवर पडले. पोटावर वळले असते तर बाबा खूश आणि मी हरले असते. जाऊ दे तिकडं, म्हटलं, आणि उताणी झाले. तिचा हात सापडला. कोपर ताणलं तशा तिनं गादीवर थापा मारल्या, म्हणजे हार कबूल.

वळून पाहते तर बाबा नाहीत. मैत्रीण म्हणाली, पंचांनी तुझ्या बाजूनं हात वर केला तोवर उभे होते, मग तडक निघाले. माझं टाळकंच फिरलं. पोरगी जिंकली, तर एक शब्द बोलवत नाही? भांडायचंच म्हणून घरी आले.

ते मागं हौद्यात होते, सदरा काढलेला. मी तोंड उघडायच्या आत ते मातीत उताणे झाले. जन्मात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"काहून पाहून राहिली वं? ये, दाब मले," ते म्हणाले. "आन् सांग, इथून हात कसा धराचा?"